भांड्यांची कैफियत

चित्रकलेच्या दरबारातही एके काळी मानकऱ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. पॅरिसच्या राजाश्रित कला-अकादमीत 1667 साली झालेल्या व्याख्यानांच्या ग्रंथाला आंद्रे फेलिबियां याने जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात त्याने चित्रविषयांची रीतसर प्रतवारी लावून दिली. देवादिकांच्या कथा आणि इतिहासातील पराक्रम रंगवणारा चित्रकार सर्वांच्या वर, त्याच्या खाली माणसांची व्यक्तिचित्रे काढणारा, त्याच्याही खाली जिवंत प्राणी चितारणारा, मग निसर्गदृश्ये रेखाटणारा, आणि जिथे दरबाराची बिछायत संपते तिथे, उंबरठ्याशी, फळे, फुले आणि शिंपले यांवर समाधान मानणारा वस्तुचित्रकार. या वाटणीमागचा तर्क त्या काळाला शोभणाराच होता. मनुष्य ही ईश्वराची सर्वश्रेष्ठ निर्मिती, तेव्हा मनुष्याचे चित्र श्रेष्ठ. आणि ज्याला श्वास नाही, हालचाल नाही, कुळ नाही, कर्तृत्व नाही, अशा मडक्या-पातेल्याचे चित्र काढायला हस्तकौशल्य लागले तरी बुद्धीला तेथे काम ते काय, असा तो हिशेब होता.

आपल्याकडे अशी प्रतवारी कोणी लेखी करून ठेवली नाही. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग अशी चित्राची जी सहा अंगे नोंदवली आहेत, त्यांपैकी एकही पाण्याच्या घटाला लागू पडणार नाही असे नाही. तरीही आपल्या प्राचीन चित्रकारांनी घट काढला तो कोणाच्या तरी हाताशी, कमरेशी किंवा पायाशीच काढला. अजिंठ्याच्या भिंतींवर थाळ्या आहेत, कुंभ आहेत, आसने आणि उशा आहेत. परंतु त्या सर्व वस्तू परिवार म्हणून आलेल्या, राजपुत्राच्या किंवा दासीच्या सोबतीने उभ्या असलेल्या. एखादे भांडे एकटे, कोणाचीही चाकरी न करता, केवळ स्वतःच्या हक्काने चित्रात येऊन बसले आहे, हे दृश्य आपल्याकडे फार उशिरा आले.

मला ही सारी प्रतवारी उलट्या क्रमाने वाचावीशी वाटते. राजाची तसबीर कोणी काढली नाही म्हणून राजा विस्मृतीत जात नाही. त्याच्या नावाच्या सनदा असतात, त्याचे गुण गाणाऱ्या बखरी असतात, नाणी असतात, वाड्याच्या चौथऱ्याचे दगड असतात. सरदाराची लढाई कोणी रंगवली नाही तरी तिच्यात किती घोडा पडला आणि किती दाणा लागला याचा जमाखर्च कोण्या कारकुनाने घालून ठेवलेला असतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालांवर रुमाल बांधलेले आहेत. पण त्याच काळात पहाटे चूल पेटवून, पाणी भरून, दळून, कांडून, पंगतींवर पंगती उठवून, शेवटी उरलेले आपण खाणाऱ्या बाईच्या एका दिवसाची हकीकत शोधू गेल्यास असा रुमाल विरळाच हाती लागेल. तिने स्वतः कागद लिहिला नाही, कारण तिला अक्षर शिकवलेले नव्हते. तिच्यापुढे चितारी बसला नाही, कारण ती कोणाच्याच दृष्टीने चित्राचा विषय नव्हती. तिच्या श्रमाचा दाखला राहिला तो तिच्या हाताखालून गेलेल्या वस्तूंवर, पोचे, चरे, झीज आणि डाग यांच्या लिपीत. ही लिपी लावणे आणि तिची इमानदार नक्कल करणे हे काम चित्रविद्येच्या ज्या शाखेकडे येते, ती शाखा नेमकी उंबरठ्याशी बसवलेली आहे. आणि म्हणूनच, ज्यांचे दफ्तर कोणी ठेवले नाही अशांची कैफियत ऐकून घेणारी कचेरी म्हणून तिचे स्थान माझ्या मनात फार वरचे आहे.

महाराष्ट्रात ही शाखा आली ती मात्र अशा कोणत्याही उदात्त हेतूने आली नव्हती. सर जमशेटजी जिजीभाई यांनी 1853 साली एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि 1857 साली मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली, तेव्हा सरकारची दृष्टी होती ती येथील कारागिरांचा हात नव्या उद्योगांसाठी तयार व्हावा यावर. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे आखलेला क्रम पुढे येथे लागू झाला. आधी सरळ आणि वक्र रेषा, मग घन, शंकू आणि दंडगोल, मग प्लास्टरचे नमुने, आणि प्रत्येक पायरीवर हात स्थिर आणि नजर अचूक झाल्याची परीक्षा, असा तो शिरस्ता. त्या शिरस्त्याचा एक ओघळ शाळाशाळांतून पोहोचला, आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या रूपाने तो आजही वाहतो आहे. एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र, या नावांनी गावोगावच्या मुलामुलींनी टेबलाभोवती अर्धवर्तुळात बसून तांब्या, कांदा, वांगे, कंदील, पुस्तक आणि मागे सोडलेला कापडाचा पडदा काढला आहे. ज्या राज्यकर्त्यांना कुशल हात हवे होते त्यांना ते किती मिळाले याचा हिशेब इतिहासकार मांडोत. पण या खटाटोपात त्यांनी न योजलेली एक गोष्ट घडून गेली. ज्या भांड्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी मान वर करून पाहिले नव्हते, त्याच्याकडे घरातले एक मूल तासभर, दुसरे काहीही न करता, पाहत बसले.

आमच्या शाळेतील चित्रकलेच्या मास्तरांची या बाबतीत एक सक्त ताकीद असे. वस्तुचित्राच्या तासाला घरून एखादे भांडे आणा असे त्यांनी सांगितले की आया साहजिकच फडताळातले चांगले भांडे काढून, चिंच आणि राख लावून, लखलखीत घासून मुलांच्या हाती देत. आणि मास्तर ते हातात घेऊन, चांगले आहे, असे सौम्यपणे म्हणून बाजूला ठेवीत. ‘रोजचे आणा,’ ते म्हणत, ‘ज्याच्यावाचून घरात आज अडेल ते आणा.’ दुसऱ्या खेपेला मग जे येई ते खरोखर पाहण्यासारखे असे. पोचा पडलेला तांब्या, एका कानाची कढई, काठ वाकलेले पातेले, काजळी न निघालेला कंदील. त्या वेळी मला वाटे की काढायला कठीण म्हणून ते अशी भांडी मागतात. तेही एक कारण असेल. पण नव्या भांड्याला सांगण्यासारखे अजून काही नसते, हे दुसरे कारण त्यांनी तोंडाने कधी सांगितले नाही आणि आम्ही ते हळूहळू पेन्सिलीच्या टोकातून शिकलो.

तांब्या काढायला बसलेल्या मुलाची पहिली धाव बाहेरच्या कडेकडे असते. ती धाव आवरून आधी मध्यरेषा घालावी लागते, कागदावर जेमतेम उमटेल इतकी फिकट आणि काटेकोर उभी. मग हात पुरता लांबवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवीत तोंड, गळा, पोट आणि बूड यांची उंची-रुंदी एकमेकांशी ताडून पाहावी लागते. त्यानंतर लंबवर्तुळे येतात, आणि इथे बहुतेक सर्व मुले एकाच ठिकाणी अडतात. तांब्याचे तोंड वाटोळे आहे हे हाताला ठाऊक असते, पण बसल्या जागेवरून डोळ्याला ते चपटलेले दिसते, आणि बुडाचे वर्तुळ नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असल्यामुळे तोंडाच्या वर्तुळाहून जास्त उघडलेले, जास्त फुगीर दिसते. मूल मात्र बुडाची रेषा बेधडक सरळ ओढते, कारण तांब्या सपाट टेबलावर ठेवलेला आहे हे त्याला माहीत असते. माहीत असलेले बाजूला ठेवून समोर दिसते तेच मान्य करायचे, ही शिस्त लहानपणी दुसरा कोणता विषय शिकवीत असेल तर तो मला माहीत नाही. गणितात उत्तर आधीपासून ठरलेले असते, इतिहासात ते पुस्तकात छापलेले असते. इथे उत्तर टेबलावर असते, आणि प्रत्येकाच्या जागेवरून ते वेगळे असते.

मग छायाप्रकाश. खिडकी डावीकडे असेल तर तांब्याच्या डाव्या खांद्यावर जो अतिशय तेजस्वी ठिपका दिसतो, तो पेन्सिलीने काढता येत नाही. तो राखावा लागतो, म्हणजे सभोवतालचा सारा भाग हळूहळू गडद करीत नेऊन तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. उजवीकडे काळोख वाढत जातो, पण अगदी कडेशी पोहोचल्यावर तो किंचित मागे हटतो, कारण टेबलावरच्या कापडाचा उजेड परतून तेथे पडलेला असतो. टेबलावरची सावली बुडाला जिथे चिकटते तिथे सर्वांत गर्द असते आणि दूर जाताना विरत जाते. इतके साधले की कागदावर गोलाई उभी राहते आणि चित्र झाले असे वाटते. आणि नेमक्या त्या क्षणी पोटावरचा पोचा दिसतो. पोच्यात प्रकाशाचा क्रम उलटतो. सबंध भांडे डावीकडे उजळ आणि उजवीकडे अंधारे असताना पोच्याची डावी उतरण सावलीत जाते आणि उजवी उतरण प्रकाश घेते. जो नियम आत्ताच हाताला बसला होता, तो त्या तळहाताएवढ्या जागेत लागू होत नाही. तेथे नव्याने, त्या एकाच पोच्याकडे, त्याच्या विशिष्ट खोलीकडे आणि वळणाकडे पाहावे लागते. नियमाने काढलेला तांब्या कोणाचाही असू शकतो. पोच्यासह काढलेला तांब्या एका घराचा होतो.

आणि एकदा पोचा काढू लागले की तो कसा पडला हा प्रश्न टळत नाही. विहिरीच्या काठावर आपटला असेल, पोहऱ्याबरोबर खडकावर घासला असेल, ओल्या हातातून न्हाणीच्या दगडावर पडला असेल. म्हणजे त्या पोच्याच्या मागे एक हात आहे आणि त्या हाताची घाई किंवा थकवा आहे. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई केलेली असते, कारण पितळेत आंबट शिजवले की ते कळकते. कल्हईवाला आळीत येऊन भाता मांडी, भांडे तापवून आत नवसागर टाकी, पांढरा धूर उठे, आणि कथिल लावून तो बोळ्याने अशा सफाईने फिरवी की पिवळे भांडे आतून चांदीसारखे पांढरे होई. या पांढऱ्याखालून पिवळे पुन्हा डोकावू लागते ते मात्र सर्वत्र सारखे नाही. तळाच्या एका बाजूला, जिथे पळी रोज वळण घेते, तिथे ते आधी उघडे पडते. उलथन्याची कड एका अंगाने तिरपी झिजते, कारण ती वर्षानुवर्षे एकाच उजव्या हाताने एकाच कोनात तव्यावर घातलेली असते. विळीचे पाते धार लावून लावून मध्ये अरुंद होते. पाटा-वरवंट्याला टाकी लावून घेतलेली असते, आणि तरीही पाट्याच्या मध्यभागी, वाटणाऱ्या बाईच्या खांद्याचे बळ जिथे उतरते तिथे, तो दगडसुद्धा खोल जातो. या खुणा कोणी मुद्दाम केलेल्या नाहीत, म्हणूनच त्या खोटे बोलत नाहीत. मुद्दाम केलेली खूण एकच, ती म्हणजे काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आणि क्वचित तारीख. पण हे नावही बहुधा देणाराचे असते, नाहीतर घराच्या कर्त्या पुरुषाचे. वापरणारीचे नाव भांड्याच्या काठावर सहसा नसते. तिची सही भांड्याच्या तळाशी, कल्हई उडालेल्या जागी असते, आणि ती वाचायला वाकून आत पाहावे लागते.

फेलिबियांच्या प्रतवारीला सर्वांत भारदस्त उत्तर ज्याने दिले, तो चित्रकारही पॅरिसचाच आणि त्याच अकादमीचा सभासद. ज्यां-सिमेओं शार्दां हा 1699 साली एका सुताराच्या घरी जन्मला. 1728 साली अकादमीने त्याला प्रवेश दिला तो पशू आणि फळे रंगवणारा म्हणून, म्हणजे तळाकडच्या पायरीवरच. आणि त्याने त्या पायरीबद्दल हुज्जत न घालता घरातली भांडी रंगवणे चालू ठेवले. 1734 च्या सुमारास त्याने रंगवलेले एक लाकडी फलकावरचे चित्र लूव्ह्र संग्रहालयात आहे. उंची जेमतेम 28 सेंटिमीटर, आणि विषय घरात पिण्यावापरण्याचे पाणी साठवण्याचे तांब्याचे पिंप. लाकडी तिवईवर ठेवलेले, पुढे तोटी, शेजारी पाण्याचीच दुसरी भांडी, आणि मागे काही न सांगणारी भिंत. आपल्याकडच्या वाड्यातील तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पिंप परके वाटणार नाही. तीच लाल धातूची उष्ण काया, तोच फुगीर मध्य, तीच तोटीची सेवेला तत्पर असलेली मान.

या चित्राशी जोडलेली एक गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. शार्दांची पहिली पत्नी वारल्यावर 1737 साली त्यांच्या घरातील चीजवस्तूंची कायदेशीर यादी करण्यात आली, आणि तिच्यात लाल तांब्याच्या पिंपाचीही नोंद झाली. म्हणजे पिंपाचे दोन दस्तऐवज तयार झाले, एक कारकुनाचा आणि एक चित्रकाराचा. कारकुनाने धातू लिहिला, नग लिहिले, किंमत आकारली. मृत व्यक्तीच्या वारसांना वाटणीसाठी जेवढे लागते तेवढे त्याने चोख दिले, आणि त्याच्या कामात कसूर काढण्याचे कारण नाही. पण त्या पिंपाच्या पोटावर सकाळचा उजेड कसा सरकतो, झाकणाच्या कडेवर तांब्याचा लाल रंग कुठे काळवंडतो, तिवईचे जड लाकूड किती निमूटपणे भार घेते, हे त्या यादीत बसणारे नव्हते. यादी वारसांच्या उपयोगाची होती. चित्र ज्यांनी त्या पिंपात पाणी ओतले आणि ज्यांनी ते काढून घेतले, त्यांच्या बाजूचे होते. याच शार्दांने अशाच पिंपाची तोटी सोडून वाकून पाणी भरणारी बाई रंगवली आहे, आणि 1738 साली पिंपावर ओणवी होऊन भांडे घासणारी मोलकरीणही रंगवली आहे. भांड्याकडे इतक्या एकाग्रतेने पाहणाऱ्या नजरेला भांडे घासणारी दिसल्याशिवाय राहिली नाही, ही घटना मला योगायोग वाटत नाही. जिच्या कामाची वस्तू आदराला पात्र ठरली, ती स्वतः अनादरात फार काळ राहू शकत नाही. पुढे राजाने त्याला लूव्ह्रमध्ये राहायला जागा दिली, अकादमीने आपला खजिना त्याच्या हवाली केला, दिदरोसारख्या कठोर समीक्षकाने त्याला जादूगार म्हटले. परंतु प्रतवारीचा तक्ता त्यामुळे लगेच बदलला नाही, आणि शार्दांनेही तो बदलण्यासाठी देवादिकांची चित्रे काढायला घेतली नाहीत.

या परंपरेतील दुसरे एक मोठे नाव वेगळ्या वाटेने गेले, आणि त्या वाटेचाही आदराने विचार केला पाहिजे. इटलीतील बोलोन्या शहरात 1890 साली जन्मलेला आणि 1964 साली तेथेच वारलेला जॉर्जो मोरांदी हा आपल्या बहिणींसह आयुष्याचा बहुतेक काळ एकाच घरात राहिला, 1930 ते 1956 या काळात तेथील कलाशाळेत अम्लरेखन शिकवत राहिला, आणि बाटल्या, सुरया, डबे, वाडगे यांची मांडणी बदलत त्याच त्या वस्तू पुन्हा पुन्हा काढत राहिला. तो बाटल्यांवरची चिठ्ठी काढून टाकी, काहींना आतून किंवा बाहेरून रंग देई, त्यांच्यावर धूळ साचू देई, जेणेकरून काचेचा चकचकाट नाहीसा होऊन केवळ आकार आणि त्यांमधली रिकामी जागा उरावी. शार्दांचे पिंप पाणी देत असतानाच चित्रात आले आहे. मोरांदीच्या बाटल्यांनी चाकरीचा राजीनामा दिला आहे. त्यांत एक विरक्त सौंदर्य आहे, आणि दोन बाटल्या एकमेकींना स्पर्श करतात की अगदी केसभर अंतर राखतात एवढ्यावर सबंध चित्राचा तोल सांभाळण्याची त्याची साधना पाहिली की मस्तक नम्र होते. तरीही, कैफियतीचा जो धर्म मी वर सांगितला, तो मला मोरांदीपेक्षा शार्दांत अधिक सापडतो. मोरांदी वस्तूला तिच्या पूर्वायुष्यातून मुक्त करतो. शार्दां ते पूर्वायुष्य तिच्या अंगावर राहू देतो. संन्याशाचे मोठेपण मान्य करूनही ज्याचे मन गृहस्थाश्रमात गुंतले आहे, अशा वाचकाला माझा हा पक्षपात समजेल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. जुन्या तांब्या-पितळेचे हे कौतुक म्हणजे गेलेल्या काळाची हळहळ, आणि ज्या बायांनी ती जड भांडी उचलली, घासली, भरली, त्यांना ती हळहळ मुळीच वाटत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. घागर गेली आणि नळ आला, पाटा गेला आणि मिक्सर आला, याचे ज्यांच्या कमरेला सुख झाले त्यांच्यापुढे पाट्याची थोरवी गाणे हा निर्दयपणा होईल. म्हणूनच वस्तू जपून ठेवणे आणि वस्तूचे चित्र काढणे या दोन गोष्टींत मी भेद करतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील साधने यांचा जो अपूर्व संग्रह आहे, तो एका माणसाने ध्यास घेऊन, गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांतून उभा केला, आणि महाराष्ट्राने त्या ऋणातून कधी उतराई होऊ नये इतका तो मोलाचा आहे. पण संग्रहालयात वस्तू येते ती बहुधा निवृत्त झाल्यावर, आणि साहजिकच त्यांतल्या देखण्या, नक्षीदार, दुर्मिळ वस्तूंना अग्रमान मिळतो. चित्राला वस्तूच्या निवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. ती कामावर असतानाच, दोन कामांच्या मधल्या तासात, तिची जबानी घेता येते. आणि वस्तू दुर्मिळ असण्याची गरज तर नाहीच, उलट जी घरोघर आहे तिचीच जबानी अधिक मोलाची.

या दृष्टीने पाहता आजच्या स्वयंपाकघराला वस्तुचित्रकार अजून पुरेसा भेटलेला नाही असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षेच्या टेबलावर आजही तांब्या ठेवला जातो, पण तांब्या ज्यांच्या घरात केवळ पूजेपुरता उरला आहे अशी मुले तो काढतात. त्यांच्या घरात ज्याच्यावाचून अडेल असा प्रेशर कुकर आहे, डाळ-तांदळाचे स्टीलचे डबे आहेत, झाकण घट्ट न बसणारा जेवणाचा डबा आहे, नळाखालची प्लास्टिकची बादली आहे. स्टीलचे भांडे काढणे तांब्या-पितळेपेक्षा अवघड आहे. पितळ प्रकाश घेते आणि त्याला आपला रंग देते. स्टील समोरचे सगळे जसेच्या तसे परत करते, आणि डब्याच्या फुगीर अंगावर खिडकी उभी-लांब होऊन, ओट्याची कड वाकडी होऊन आणि चित्र काढणारा स्वतः, हातात फळा धरलेला, एखाद्या रेषेएवढा अरुंद होऊन दिसतो. त्या डब्याचे खरे चित्र काढायचे तर त्यात आपल्याला स्वतःलाही जागा द्यावी लागते, आणि घरातील वस्तूंच्या कैफियतीत आपण केवळ फडणीस नसून एक पक्षकारही आहोत, हे त्या चकचकीत पत्र्यावर स्पष्ट वाचता येते. कुकरच्या मुठीला उष्णतेने गेलेला तडा, बादलीच्या कडीपाशी पांढरी पडलेली प्लास्टिकची कड, डब्याच्या झाकणावर पडणारा रोजच्या अंगठ्याचा पोचा, ह्याही खुणा त्याच लिपीतल्या आहेत. धातू बदलला म्हणून लिपी बदलली नाही, आणि लिहिणारा हातही अजून बहुतेक घरांत तोच आहे.

म्हणून चित्रकला शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे ती मास्तरांच्या त्या जुन्या ताकिदीचीच नव्या काळासाठी केलेली नक्कल आहे. टेबलावर नवे भांडे ठेवू नका, आणि शोभेचे तर मुळीच ठेवू नका. घरात ज्या माणसाचे काम सर्वांत कमी बोलले जाते, त्याच्या हातात दिवसभर जे असते ते घ्या. त्याला विचारून घ्या, कारण तेवढा वेळ त्याचे काम थांबणार आहे, आणि काम थांबले की ते काम होते हे घराला प्रथमच कळते. एका बाजूने उजेड येईल असे ठेवा, मध्यरेषा घाला, मापे ताडून पाहा, आणि जिथे नियम संपतो त्या पोच्याशी, झिजलेल्या कडेशी, उडालेल्या कल्हईशी पोहोचल्यावर घाई करू नका. चित्र सुंदर झाले नाही तरी चालेल. ते खरे झाले तर ज्याच्या श्रमावर आपण वाढलो त्याच्या नावाची एक नोंद झाली असे समजा. राजेरजवाड्यांच्या तसबिरींना हुजुरांची आज्ञा लागे, चितारी लागे, बिदागी लागे. या नोंदीला कोणाची सनद लागत नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि आपल्याच घरात तासभर मान वाकवून बसण्याची तयारी एवढ्यावर ती होते, आणि इतके स्वस्त असूनही जे ऋण आपण इतकी शतके फेडले नाही, ते यापुढेही न फेडण्याला आता कोणतीही सबब उरलेली नाही.